माईंचा हेडसेट

"नाना खाली बसले, ते कुणी मोबाइलवर घेतलं नाही ना गं?"

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दुधाची पिशवी घ्यायला मी अंगणात आले, तर माई भिंतीशी उभ्याच. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी आहे. बांधणाऱ्याने ती चोरांसाठी बांधली असेल, पण चोर सोडून बाकी सगळं तिच्यावरून जातं. विरजण जातं, मेथीची जुडी जाते, आणि कॉलनीतली कुठलीही बातमी तर आधी इथूनच जाते.

"घेतलं की," मी म्हटलं. "समोरच्या वहिनींच्या मुलाने. रात्रीच ग्रुपवर आलं."

"मेली कार्टी! आणि आमचे हे म्हणतायत, मी पडलो नाही, बसलो."

आता नानांचंही खोटं नव्हतं. ते बसायलाच गेले होते. तळ्याच्या काठाला दगडी पायऱ्या होत्या, चांगल्या रुंद, शेवाळ नसलेल्या. नानांनी लेंगा सावरला, गुडघ्यावर हात ठेवला आणि टेकले. पायरी होती डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये. खाली होती गच्चीची फरशी आणि तिच्यावर आमची कोजागिरीची सतरंजी. लागलं काही नाही. पण खाली बसल्यावरही नाना दोन्ही हातांनी पाणी चाचपत होते, आणि ते दृश्य डास मारण्यासारखं दिसत होतं, हे कबूल करायला हवं.

कालचा प्रकार ज्यांच्या कानावर आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमची कॉलनी कल्याणातली, बैठ्या घरांची. आता चहूबाजूंनी टॉवर आलेत आणि आम्ही मध्ये खड्ड्यात राहिल्यागत आहोत. दर कोजागिरीला कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर जमायचं, मसाला दूध आटवायचं, अंताक्षरी खेळायची, आणि नाना 'ण'वर अडले की गाण्याऐवजी श्लोक चालेल का यावर भांडायचं, हा शिरस्ता. यंदा माझी भाची आली होती. ही मुलगी ऑस्ट्रियातल्या लिंझ गावी इलेक्ट्रॉनिक कला शिकून आली आहे. तिची आई, म्हणजे माझी बहीण, पाहुण्यांना नुसतंच "कंप्युटरचं काहीतरी" असं सांगते. भाचीने विचारलं, या वेळी थोडं वेगळं करूया का? मी हो म्हटलं. तिने तीन हेडसेट आणले, छातीला बांधायचे पट्टे आणले, लॅपटॉप आणला. आणि आपला काळा तलाव आणला. आता त्याचं नाव भगवा तलाव आहे, पण कॉलनीतल्या कुणाच्याही तोंडातून ते अजून येत नाही. तिने बनवलेल्या तलावाला रेलिंग नव्हतं, कारंजं नव्हतं, वडापावची गाडी नव्हती. नुसतं पाणी, पायऱ्या, झाडं आणि तळाशी हिरवट अंधार.

"तलाव चांगला केलाय तुझ्या भाचीने," माई म्हणाल्या. "पण ते डोक्यावरचं धूड! मी तिला म्हटलं, बाळ, अख्खी नोकरी हेडसेट लावून केली मी, मला नको शिकवू."

हे खरं आहे. माई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा जमाना. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. कुणाच्या मुलीला दिवस गेले, कुणाचं टेंडर फुटलं, कोणता कारखानदार बायकोला कुठून फोन करतो आहे असं सांगतो आणि प्रत्यक्षात कुठून करतो, हे सगळं माईंच्या कानावरून गेलेलं. त्यातला एक शब्दही त्यांनी कधी बाहेर काढला नाही. नोकरीत तोंडावर जी पट्टी लावली तिचा वचपा निवृत्तीनंतर या भिंतीवर निघतो आहे, असं नानांचं मत आहे.

"आमचा हेडसेट हलका असायचा गं," माई सांगू लागल्या. "हा अर्ध्या किलोचा. सगळा भार नाकावर. त्यात माझा चष्मा. आधी म्हणे चष्मा काढा, मग म्हणे राहू द्या. मग काहीतरी फिरवलं तिने मधलं."

ते फिरवलं ते दोन भिंगांमधलं अंतर. माणसामाणसाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं असतं, आणि भिंगं बुबुळांच्या नेमकी समोर आली नाहीत तर सगळं पुसट दिसतं. बाकी आत जादू काही नाही. दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवायची, जराशी वेगवेगळी, म्हणजे डोकं त्यांची बेरीज करून खोली बनवतं. ही गोष्ट चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या इंग्रजाने 1838 साली आरसे लावून दाखवून दिली होती, तेव्हा फोटोग्राफीचासुद्धा नीट जन्म झालेला नव्हता. नवं काय, तर तुम्ही मान वळवली की चित्रही वळतं. ते लगेच वळावं लागतं. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त उशीर झाला की पोटात ढवळतं.

"समोरच्या वहिनींना तेच झालं वाटतं," माईंनी आवाज खाली आणला. समोरच्या वहिनींचं घर रस्त्यापलीकडे आहे आणि खिडकी उघडी होती. "चेहरा पांढराफटक. मला वाटलं दुधातलं जायफळ जास्त झालं."

"जायफळाचा काय दोष? त्या मशीनमध्ये पुढे पुढे चालल्या, आणि पाय मात्र जागच्या जागी. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातली ती तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, कुठे काय, उभेच तर आहोत. दोघांचं जमलं नाही की मळमळ. घाटात गाडी लागते, त्याच्या बरोबर उलटं."

"म्हणजे कानाचं खरं. मी नेहमी सांगते, डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवावा."

एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलेली बाई दुसरं काय सांगणार!

माईंना स्वतःला मात्र काही झालं नाही. उलट कालच्या संध्याकाळी सगळ्यात झकास कुणी पार पाडलं असेल तर माईंनी. कारण भाचीच्या तलावात हातापायांना कामच नव्हतं. छातीचा पट्टा श्वास मोजत होता. श्वास आत घेतला, छाती फुगली, की तुम्ही पाण्यातून वर उचलले जाता. सोडला की हळूहळू खाली. पुढे झुकलात तर पुढे. बस्स. आमचे हे पहिल्या मिनिटाला धापा टाकायला लागले आणि तलावात बुचासारखे वरखाली झाले. त्यांना जे दिसत होतं ते भिंतीवरच्या चादरीवर प्रोजेक्टरने आम्हालाही दिसत होतं, त्यामुळे सगळ्यांनाच गरगरलं. माई मात्र संथ. रोज पहाटे अर्धा तास प्राणायाम. पूरक घेतला, वर आल्या, कमळाच्या पानांमधून डोकं बाहेर काढलं, थांबल्या. रेचक केला, पायऱ्या पायऱ्यांनी खाली, थेट तळाला. तिथे कुंभक करून बसल्या. भाचीचे डोळे विस्फारले.

ही श्वासाची कल्पना भाचीची नव्हे, हे तिनेच सांगितलं. शार डेव्हिस म्हणून कॅनडातल्या एक चित्रकर्ती आहेत. 1995 साली त्यांनी 'ऑस्मोज' नावाची आभासी वास्तवातली कलाकृती केली आणि मॉन्ट्रियलच्या समकालीन कलेच्या संग्रहालयात मांडली. बाई स्वतः समुद्रात बुडी मारणाऱ्या. पाण्याखाली श्वासाने थोडं वर, थोडं खाली होता येतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. तेव्हाच्या बाकी सगळ्यांच्या आभासी जगात हातात काहीतरी धरायचं, रोखायचं, बहुधा गोळ्या झाडायच्या. डेव्हिसबाईंनी हात रिकामे ठेवले आणि श्वास आणि तोल यांच्यावर सगळं सोपवलं. एक झाड होतं त्यात, आरपार दिसणारं, आणि एक तळं. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात इतकी साधी आणि इतकी चांगली कल्पना नंतर कुणाला सुचलेली नाही. तीस वर्षं झाली, अजून बहुतेक हेडसेटांत लोक काहीतरी फोडतच असतात.

"प्राणायामाचं पेटंट घ्यायला हवं होतं आपण," माई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण एक सांगू का? मजा नाही आली."

"अहो, तुम्हाला? तुमच्यावर तर टाळ्या पडल्या."

"टाळ्या मला कुठे ऐकू आल्या? कानात पाणी बुडबुडत होतं. अगं, तळाशी गेले ना, तिथे तिने एक मासा ठेवलाय. चंदेरी. माझ्याकडे बघून वळला. आणि मी हे बघा म्हणून कोपर मारलं, तर कोपर हवेत! शेजारी कुणी नाही. एवढा सुंदर मासा, आणि सांगायला माणूस नाही. मला तर बाई एकदम एकटं वाटलं. बाहेर आले तेव्हा म्हटलं, अहो, मासा पाहिलात? तर हे फरशीवर बसलेले."

यावर मी हसले, पण दुधाची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. कारण माईंनी बोट ठेवलं होतं ते वर्मावर.

गंमत अशी की माई हे म्हणत होत्या ते कल्याणात. बाहेरच्या कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. याच गावच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 सालापासून शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि पडद्यावर मोठ्ठं चित्र. एकामागून एक काचा अशा चपळाईने सरकवायच्या की चित्रातली माणसं हालचाल करू लागायची. रामायण-महाभारतातले प्रसंग असायचे, सर्कससुद्धा असायची. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा लागला तो 7 जुलै 1896 ला. म्हणजे त्याआधी चार वर्षं कल्याणकर पडद्यावर हलणारी चित्रं पाहत होते! पटवर्धनांची मुलंही पुढे त्यात पडली, आणि गावोगाव खेळ झाले. आपल्याकडे याचं जितकं कौतुक व्हायला हवं तितकं झालेलं नाही. मुळात झालंच नाही म्हणा.

मी माईंना हे सांगितलं. त्यांना ते माहीत होतंच. त्यांच्या सासूबाईंच्या सासऱ्यांनी ते खेळ पाहिले होते म्हणे. तीन पिढ्यांवरून आलेली साक्ष. कोर्टात टिकायची नाही, भिंतीवर टिकते.

"पण तिथे सांगणारा असायचा," माई म्हणाल्या. "चित्र पडद्यावर, निवेदन चाललंय, गाणं-बजावणं चाललंय. आणि समोर माणसं बसलेली, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. कुणी हसलं की दुसरा हसतो. काल आम्ही आपले एकेकटे डोक्यावर धूड घेऊन. त्याला सांस्कृतिक संध्याकाळ म्हणायची? दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यावर तरी शेजारच्याशी बोलता येतं."

मी भाचीची बाजू घेतली. घ्यायलाच हवी, तिच्या राहण्याजेवण्याचं माझ्याकडेच आहे. मी म्हटलं, "माई, एकट्याने बघायची यंत्रंही जुनीच आहेत. जत्रेत पेटीला डोळा लावून बघायचे ना? अमेरिकेत मॉर्टन हायलिग नावाच्या माणसाने तर पेटीत सगळा संसारच कोंबला होता. सेन्सोरामा नाव. 1962 चं पेटंट आहे. खुर्चीत बसायचं, डोकं पेटीत घालायचं, आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रस्त्यावरून मोटारसायकल. खुर्ची थरथरते, पंख्याचा वारा तोंडावर येतो, वाससुद्धा येतात."

"चाललं का ते?"

"नाही. पैसे लावायला कुणी पुढे आलं नाही."

"बघ!"

आता यात 'बघ' म्हणण्यासारखं काही नव्हतं. चांगल्या गोष्टी चालत नाहीत याची उदाहरणं आमच्या कॉलनीतच पुष्कळ आहेत. पण माईंचा तो 'बघ' म्हणजे निकाल असतो, त्यावर अपील नाही.

म्हणून मी हुकमाचा पत्ता काढला. रात्री भांडी विसळताना भाचीने मला ज्या चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली ही खास माईंसाठी राखून ठेवली होती.

"माई, ही इलेक्ट्रॉनिक कलेची संध्याकाळ ही भानगड सुरू कुणी केली ठाऊक आहे? तुमच्या खात्याने."

"टेलिफोनने?"

"टेलिफोनने! अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीत बिली क्लूव्हर म्हणून इंजिनिअर होता. मूळचा स्वीडनचा. त्याला चित्रकार-नर्तकांची संगत आवडायची. ऑक्टोबर 1966 मध्ये न्यूयॉर्कला, पलटणीच्या कवायतीच्या एका अवाढव्य हॉलमध्ये, दहा कलावंत आणि तीसेक इंजिनिअर यांनी मिळून नऊ संध्याकाळी कार्यक्रम केले. नावही तेच, 'नाइन ईव्हनिंग्ज'. दिवसा टेलिफोनची कामं करणारी माणसं संध्याकाळी कलावंतांसाठी वायरी जोडत होती."

माईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पदर खोचला गेला. "काय केलं मग त्यांनी?"

"रॉबर्ट राउशेनबर्ग म्हणून चित्रकार. त्याने टेनिसचा सामना लावला. रॅकेटच्या मुठीत ट्रान्समीटर बसवलेला. चेंडू रॅकेटवर आपटला की अख्ख्या हॉलमध्ये घंटेसारखा घणाघात, आणि प्रत्येक फटक्याला वरचा एक दिवा बंद. खेळ चालू, दिवे एकेक करून जातायत. शेवटी मिट्ट काळोख. चेंडूच दिसेना, खेळ संपला. आणि मग त्या काळोखात शेकडो माणसं मैदानात येऊन उभी राहिली. लोकांना डोळ्यांनी काही दिसत नाही, पण अंधारात बघणारे इन्फ्रारेड कॅमेरे लावलेले, त्यांचं चित्र मोठ्या पडद्यांवर. म्हणजे समोर गर्दी आहे हे जाणवतंय, पण दिसतेय ती फक्त पडद्यावर."

माई बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत बराच वेळ म्हणजे आमच्या गल्लीतून एक रिक्षा जाईपर्यंत.

"हे मला कळलं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही असंच असायचं. एक लाइन सुटली की बोर्डावरचा एक दिवा जायचा. रात्रपाळीत पहाटे तीन-साडेतीनला सगळे दिवे गेलेले. मग कळायचं, गाव झोपलं. दिसत काहीच नाही, पण गाव आहे." मग लगेच, "पण बघ, तिथेसुद्धा शेकडो माणसं होती! एकेकट्याला डबीत नव्हतं कोंबलं."

माईंशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्या तुमचाच पत्ता उचलून तुमच्यावर मारतात.

एवढ्यात नाना आतून आले. हातात पेपर, चालण्यात जराही लंगडेपण नाही, हे आम्ही दोघींनी पाहावं म्हणून अंगणात एक फेरी जास्त मारली. "अहमदाबादचं सांग तिला," म्हणाले. त्यांना ते भाचीने काल सांगितलं होतं आणि ते त्यांच्या मनात भरलं होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर बसवला गेला. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो उभा केला. न्यूयॉर्कच्या त्या नऊ संध्याकाळींमध्ये तोही होता. ज्या काळात टेलिफोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत होते त्या काळात आपल्या देशात काही जण वायरी इकडून तिकडे खुपसून कधी कुणी न ऐकलेले आवाज काढत बसले होते. त्या आवाजांच्या टेप मग संस्थेतच पडून राहिल्या. 2023 मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. नानांचा मुद्दा असा की सरकारी संस्थेत गोष्ट पडून राहिली की नासत नाही, मुरते. नाना सरकारी नोकरीत होते. हा मुद्दा इथेच सोडलेला बरा.

"आणि चंद्राचं काय?" माईंनी मला पुन्हा धरलं. "कोजागिरी होती गं काल. 'कोण जागं आहे' म्हणून लक्ष्मी येऊन गेली असेल, आणि आम्ही सगळे आंधळी कोशिंबीर खेळत होतो. दुधावर साय धरली. चंद्राकडे बघितलं कुणी?"

बघितलं नव्हतं. खरं तर मीच एकदा वर पाहिलं, तर टॉवरच्या मागून अर्धाच दिसत होता. भाचीला हे म्हटलं तर तिने लॉरी अँडरसनचं सांगितलं. या अमेरिकन बाई गाणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या. 2018 मध्ये त्यांनी तैवानच्या शिन-चियेन हुआंग यांच्याबरोबर 'टू द मून' केलं, डेन्मार्कच्या लुइझियाना संग्रहालयासाठी. पंधरा मिनिटांत हेडसेटमधून चंद्रावर. तिथे तुम्ही चालता, उडता, गाढवावरसुद्धा बसता म्हणे. माईंना गाढवाचं फार पटलं नाही.

आता इतका वेळ मी माईंच्या म्हणण्याला मान डोलावत होते, पण एक गोष्ट माझ्याकडे होती जी सांगावी की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी सांगितली, कारण भिंतीवर आणून परत न्यायची नाही असा आमचा अलिखित नियम आहे.

"माई, समोरच्या वहिनी. काल उलटी होता होता राहिली ना त्यांना? लिंबूपाणी प्यायल्या, तोंड धुतलं. आणि सगळे दुधाला बसले तेव्हा हळूच भाचीकडे आल्या. म्हणाल्या, अजून एकदा घालू का? या वेळी चालणार नाही, नुसती बसून राहते. मग गच्चीच्या कोपऱ्यात, टाकीजवळ, खुर्चीवर बसून राहिल्या. श्वाससुद्धा जपून. तळाशी गेल्या आणि तिथेच राहिल्या. भाचीने मग चादरीवरचं चित्र बंद केलं, म्हणजे त्या काय बघतायत ते आम्हाला दिसू नये. काढल्यावर म्हणाल्या, 'दहा मिनिटं कुणी हाक मारली नाही मला.'"

वहिनींच्या घरी सासूबाई अंथरुणावर आहेत. दोन मुलं, नवऱ्याची शिफ्ट. त्या रस्त्यापलीकडच्या खिडकीतून दिवसभर 'अगं', 'आई' आणि 'सूनबाई' या तीन हाका येत असतात, त्या आम्हा सगळ्यांना पाठ आहेत.

माईंनी त्या खिडकीकडे पाहिलं. "मासा दिसला का तिला?" त्यांनी विचारलं.

"विचारलं नाही मी."

"बरं केलंस." आणि मग थोड्या वेळाने, "तिला नेऊ दे म्हणावं ते यंत्र घरी. आठवडाभर. भाची देईल का?"

भाची देईल. दिलंही असतं लगेच, पण वहिनींच्या घरी दुसऱ्या क्षणी मुलं ते पळवतील आणि त्यात गोळ्या झाडतील, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं. मग माईंनीच ठरवलं की यंत्र माईंच्या घरी राहील आणि वहिनींनी दुपारी 'पापडाचं पीठ मळायला' यायचं. पापडांचे दिवस नाहीत हे सासूबाईंच्या लक्षात आलं तर काय, यावर थोडी चर्चा झाली.

"पण पुढच्या वर्षी कोजागिरीला मला हे डबीचं नको," माई परत मूळ पदावर. "सगळ्यांचं एकत्र काहीतरी सांग तिला करायला. टेलिफोनवाल्यांनी केलं तसं."

आणि इथे मला लिंझची गोष्ट आठवली. भाची जिथे शिकली ते गाव. पोलादाचं गाव, भिलाई-जमशेदपूर म्हणा. 1979 मध्ये तिथल्या काही जणांनी 'आर्स इलेक्ट्रॉनिका' नावाचा महोत्सव सुरू केला, जो आजही भरतो. आता तिथे भिंत आणि जमीन दोन्ही मिळून पडदा असलेली खोली आहे, सोळा मीटर बाय नऊ मीटरचं चित्र समोर आणि तेवढंच पायाखाली, आणि त्यात माणसं एकत्र उभी राहतात. पण सुरुवात साध्या गोष्टीने झाली. 18 सप्टेंबर 1979 च्या संध्याकाळी डॅन्यूब नदीकाठच्या बागेत मोठाले कर्णे लावले आणि अँटोन ब्रुकनरची आठवी सिंफनी वाजवली. ब्रुकनर त्याच मुलखातला. लाखभर माणसं आली. आणि जे येऊ शकत नव्हते त्यांना सांगितलं होतं, तुमचा रेडिओ खिडकीत ठेवा. तेच संगीत रेडिओवरून लागणार होतं. म्हणजे नदीकाठी कर्णे, आणि गावभर खिडक्याखिडक्यांतून रेडिओ.

माईंनी भिंतीवर थाप मारली. "हे! हे करूया. नऊ घरं, नऊ रेडिओ. रात्री दहाच्या आत आटपायचं, नाहीतर पलीकडचे टॉवरवाले पोलिसांना बोलावतील. वहिनीच्या सासूबाईंनासुद्धा पडल्या पडल्या ऐकू जाईल."

"पण वाजवायचं काय?"

"ते नंतर. आधी रेडिओ किती आहेत ते बघ."

इथे खरी पंचाईत झाली. आम्ही घरं मोजली. कोपऱ्यावरच्यांनी रेडिओ भंगारात दिला. आमच्याकडे आहे, पण तो ह्यांच्या वडिलांचा, त्यात झुरळं. जोशांकडे मोबाइलवर लागतं म्हणे, पण त्यासाठी इयरफोनची वायर खुपसावी लागते आणि नव्या फोनला वायरीचं भोकच नाही. मी म्हटलं, इंटरनेटवरून लावू सगळे. माई म्हणाल्या, मग एकाचं आधी, दुसऱ्याचं मागून येईल, बुटक्यामागून लंगडा. ही बाई तांत्रिक बाबतीत चुकत नाही. प्रत्येक फोनवर तो आवाज काही सेकंद मागेपुढे होतोच.

"एफएमचा ट्रान्समीटर बसवायला सांगू भाचीला?" मी विचारलं. "छोटासा. कॉलनीपुरता."

"परवाना लागतो त्याला," नाना पेपरातून म्हणाले.

"परवान्याचं मी बघते," माई म्हणाल्या. "खात्यातली माझी एक मैत्रीण अजून जिवंत आहे. तू फक्त त्या कोपऱ्यावरच्यांना विचार, भंगारवाल्याने रेडिओ विकला की अजून ठेवलाय."